गाडीला इंजेक्शन बसवताना वायर कुठे जाते ते विचारा

मी बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्याशी नेहमी बोलते ते हप्ते, बँक, पापड-मसाल्याचं पॅकिंग अशा विषयांवर. आज मी गाडीच्या वायरिंगवर बोलणार आहे. हसू नका. हा विषय मी हौसेने घेतलेला नाही, करंजीच्या घाटाने तो मला घ्यायला लावला.

आमच्या पाथर्डी भागातल्या एका गटाकडे पेट्रोलवर चालणारी जुनी मालवाहू व्हॅन आहे. आम्ही तिला टेम्पोच म्हणतो. गटातली एक वहिनी ती स्वतः चालवते. शेंगदाण्याची चटणी, कुरडया, पापड, बाजरीचं पीठ घेऊन ही गाडी नगरच्या प्रदर्शनाला जाते, आठवडी बाजाराला जाते आणि नवरात्रात मोहटादेवीच्या यात्रेला जाते. यात्रेच्या नऊ दिवसांत जी विक्री होते तिच्यावर गटाचे पुढचे चार-सहा महिने निघतात. म्हणून गाडी बंद पडली की नुसती गाडी बंद पडत नाही, दहा घरांचं गणित बंद पडतं.

त्या दिवशी नगरहून माल विकून वहिनी परत येत होती. शेजारी गटाची सचिव बसली होती. करंजी घाट चढताना, दिवेलागणीच्या वेळेला, इंजिन फडफडलं आणि बंद पडलं. बंद पडलं तरी मागून "घूं" असा बारीक आवाज येतच राहिला आणि पेट्रोलचा उग्र वास सुटला. वहिनी हुशार. तिने आधी चावी बंद केली, हँडब्रेक ओढला, दोघी उतरल्या आणि चाकामागे दगड लावले. खाली पाहतात तर रस्त्यावर पेट्रोल ठिबकलेलं. मागच्या ट्रकवाल्याला त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "दादा, बिडी विझवा!"

काही झालं नाही. पण नशिबावर गट चालत नाही. म्हणून काय चुकलं होतं ते शोधलं, आणि तेच आज तुम्हाला सांगते.

आधी या गाडीला आम्ही केलं काय होतं ते सांगते. गाडी जुनी, कार्बोरेटरची. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाने हवा ओढली की त्या ओढीबरोबर बारीक भोकातून पेट्रोल येणार, असं साधं यंत्र. थंडीत सकाळी चोक ओढायचा, तरी चार वेळा स्टार्टर मारावा लागायचा. त्यात आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलं नाही. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने उसापासून इथेनॉल काढतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ पर्यंत हे मिश्रण वीस टक्क्यांपर्यंत गेलं. साध्या पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. इथेनॉलला नऊच भाग पुरते. म्हणजे मिश्रण बदललं की हवेचं प्रमाणही बदलायला हवं. कार्बोरेटरला ते कळत नाही. त्याचं भोक आहे तेवढंच राहतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या या पेट्रोलने फुगतात, कडक होतात, चिरतात.

मग गॅरेजमध्ये सुचवलं गेलं की कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवा. तुमच्या घरच्या नव्या स्कुटीवर किंवा मोटारसायकलवर "एफआय" अशी अक्षरं पाहिली असतील. ते हेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागला, तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. चारचाकी पेट्रोल गाड्यांत हा बदल त्याच्या वीसेक वर्षं आधीच सुरू झाला होता. यात पेट्रोलच्या टाकीत विजेवर चालणारा पंप असतो. तो पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो. इंजिनाजवळ इंजेक्टर नावाच्या बारीक तोट्या असतात. त्या किती वेळ उघडायच्या हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला मेकॅनिक लोक ईसीएम म्हणतात. इंजिन किती गरम आहे, हवा किती येते, चाक किती वेगाने फिरतं, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सगळं सेन्सर त्याला सांगत राहतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबाने तो तोटी उघडतो आणि मिटतो. स्वयंपाकात अनुभवी बाई डोळ्याने मीठ टाकते ना, तसं. फक्त याचे डोळे म्हणजे वायरी.

गटाची बैठक झाली, ठराव झाला. त्याच घडणीच्या पण नंतरच्या मॉडेलचे सेकंड हँड भाग आणून काम करायचं ठरलं. ठरावात मी एकच ओळ लिहू दिली: "गाडीला इंजेक्शन बसवणे, २८ हजार रुपये." ती ओळ आज मला टोचते. किराणा आणला तर आपण जिरं किती, मोहरी किती, वेगळं लिहितो. इथे २८ हजारांची एकच ओळ, आणि तिच्यात वायरिंग हा शब्दसुद्धा नाही.

आता मुद्द्याचं ऐका. इंजेक्शन बसवताना दोन गोष्टी बदलतात. एक दाब आणि दुसरी वीज.

दाबाचं आधी. टायरमध्ये आपण तीस पॉइंट हवा भरतो, ते माप तुम्हाला ठाऊक आहे. कार्बोरेटरला पेट्रोल लागतं तीन-चार पॉइंट दाबाने. इंजेक्शनला लागतं चाळीसच्या आसपास. म्हणजे दहा पट. जुनी नळी आणि साधी पत्र्याची क्लिप तीन-चार पॉइंटला वर्षानुवर्षं टिकते, पण चाळीसला ती आज ना उद्या सुटणार. यासाठी इंजेक्शनची म्हणून वेगळी जाड नळी मिळते, तिच्यावर तसं छापलेलं असतं. तिची क्लिपही वेगळी, गोल वळणाची, नळीला न कापणारी. आमच्या गाडीत टाकीपासून पुढे आलेली नळी नवी होती, पण इंजिनाजवळचा वीतभर तुकडा जुनाच ठेवला होता. घाटात सुटला तो तोच.

आता विजेचं. आमच्या जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला जोडलेला होता. इंजिन फिरलं तर पंप फिरणार, इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबणार. कोणी काही करायची गरज नाही. नवा पंप विजेवर चालतो. इंजिन बंद पडलं, गाडी उलटली, नळी सुटली, तरी वीज मिळतेय तोवर तो पेट्रोल फेकतच राहणार. मग त्याला थांबवायचं कोणी? कंपनीच्या गाडीत हे काम ईसीएम करतो. इंजिन फिरतंय याचा निरोप सेन्सरकडून येईनासा झाला की दोन-तीन सेकंदांत तो पंपाची वीज तोडतो.

ही वीज रिलेमधून जाते. रिले म्हणजे काय, ते शेतात पाहिलेलं आहे तुम्ही. विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टरची पेटी असते. आपण बोटाने हिरवं बटण दाबतो, त्या बटणातून मोटारीची सगळी वीज जात नाही. पेटीतला चुंबक ओढला जातो आणि जाड वायरींची जोडणी तो करतो. रिले ही तशीच छोटी पेटी, काड्यापेटीपेक्षाही लहान. तिचं बटण ईसीएमच्या हातात असतं.

आमच्या गाडीत काय केलं होतं? पंपाची वायर सरळ चावीच्या वायरीला पिळून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. रिले नाही आणि त्या वायरीला वेगळा फ्यूजही नाही. म्हणून घाटात इंजिन बंद पडल्यावरही "घूं" आवाज येत राहिला. पंप सुटलेल्या नळीतून पेट्रोल बाहेर ओतत होता. आणि लक्षात घ्या, मारुती ओम्नीसारख्या घडणीच्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. आमचीही तशीच. म्हणजे पेट्रोल गळत होतं ते तापलेल्या इंजिनाजवळ, आणि वर आमच्या दोघी बसल्या होत्या. वहिनीने चावी बंद केली नसती तर काय झालं असतं, हे मी रेडिओवर बोलत नाही.

काम करणारा माणूस वाईट नव्हता, हेही सांगते. कार्बोरेटरमध्ये त्याचा हात चांगला होता. इंजेक्टर त्याने नीट बसवले, गाडी सुरू झाली, धूर कमी झाला, आम्ही पेढे वाटले. वायरिंगला मात्र त्याने उरलेलं काम समजलं, आणि आम्हीही.

पुढे गाडी दुसऱ्या एका जाणकार वायरमनकडे नेली. त्याने सीट उचलली आणि आम्हा चौघींना उभं करून एकेक गोष्ट दाखवली. ती तुमच्यासाठी सांगते.

पहिली गोष्ट अर्थिंग. सेन्सरकडून ईसीएमला जाणारा निरोप फार नाजूक असतो. बऱ्याच सेन्सरना पाचच व्होल्ट मिळतात. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर तर एक व्होल्टच्या आतच बोलतो, आपल्या बॅटरीतल्या दीड व्होल्टच्या सेलपेक्षाही हळू. जुन्या गाडीत इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल तर हा निरोप बिघडतो. मग गाडी झटके खाते, पेट्रोल जास्त पिते, आणि लोक नुसतेच सेन्सर बदलत बसतात. त्याने गंज घासून नवी पट्टी टाकली. अर्धं दुखणं तिथेच गेलं.

दुसरी गोष्ट जोड. पिळून टेप लावलेला जोड घाटातल्या हादऱ्यांनी ढिला होतो, ढिला झाला की तापतो. जोड दाबून किंवा झाळून पक्का करायचा आणि त्यावर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवायची. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच हवं, नाहीतर पत्रा वायर कापतो. वायर सायलेन्सरच्या नळीपासून लांब हवी आणि जागोजागी बांधलेली हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाचा वेगळा फ्यूज. पंपाचा वेगळा, ईसीएमचा वेगळा, इंजेक्टरचा वेगळा. आणि फ्यूज उडाला तर तेवढ्याच क्षमतेचा घालायचा. तार गुंडाळून काम चालवायचं नाही. घरात आपण फ्यूजला जाड तार लावतो आणि मग वायर जळते, तेच इथे, फक्त शेजारी पेट्रोल असतं.

चौथी गोष्ट चार्जिंग. जुन्या गाडीला दिवे आणि हॉर्न एवढीच वीज लागायची. आता पंप, इंजेक्टर, ईसीएम सगळे मागणार. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर आधी तिथे खर्च करा, मग इंजेक्शनचा विचार करा.

मैत्रिणींनो, आता तुम्ही स्वतः करू शकता अशा तपासण्या सांगते. यासाठी पाना लागत नाही. कान, डोळे आणि नाक पुरतात.

कानाची तपासणी अशी. गाडी सुरू न करता नुसती चावी फिरवा. टाकीकडून "घूं" आवाज येईल आणि बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तो दोन-तीन सेकंदांत थांबेल. थांबला तर पंप ईसीएमच्या ताब्यात आहे. इंजिन बंद असताना तो आवाज चालूच राहिला, तर ती गाडी त्याच दिवशी परत गॅरेजला न्या. ही एक तपासणी आम्हाला आधी ठाऊक असती, तर घाटातला तो प्रसंग आलाच नसता.

डोळ्यांची तपासणी. चावी फिरवल्यावर समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुन्या गाडीत तो दिवा नसतो, म्हणून कामाबरोबरच तो बसवून मागा. दिवा लागतच नसेल तर बिघाड सांगणारं तोंडच बंद केलेलं आहे असं समजा.

नाकाची तपासणी. दहा मिनिटं चालवून गाडी थांबवा आणि सीटखाली, टाकीजवळ वास घ्या. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा वास थोडासाही चालत नाही. वास आला तर चावी बंद, लोक लांब, आणि मोबाईलचा उजेड घेऊनही जवळ वाकायचं नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकत नाहीत, पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं. पावडरची छोटी अग्निशामक बाटली सीटजवळ हाताला येईल अशी ठेवा.

आणखी एक. गाडीला कॅरियर किंवा जाळी वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरीची वायर आणि ईसीएमचा कपलर काढायला सांगा. वेल्डिंगच्या विजेने ईसीएम जळू शकतो. आणि सर्व्हिस सेंटरवर इंजिनावर पाण्याचा फवारा मारू देऊ नका.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरी डिझेलची गाडी आहे. उसाचा ट्रक, दुधाचा टेम्पो, कांद्याची चारशेसात. टाटाची ४०७ १९८६ साली आली आणि तिच्यावर आपल्याकडच्या किती घरांचे संसार उभे राहिले. जुन्या डिझेल गाडीत पंप आणि नोझल आधीपासूनच असतात, पण ते विजेवर नव्हे, इंजिनाच्या जोरावर चालतात. नव्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल आलं. त्यातला दाब पेट्रोलच्या इंजेक्शनच्या कित्येक शे पट असतो. जुन्या डिझेलला "कॉम्प्युटर बसवून देतो" असं कोणी म्हणालं, तर ते गल्लीतल्या गॅरेजचं काम नाही एवढं ध्यानात ठेवा. जुन्या गाडीचे पंप-नोझल चांगल्या ठिकाणी कॅलिब्रेट करून घ्या, त्यातच शहाणपण आहे. आणि कॉमन रेलच्या नळीतून फवारा उडत असेल तर बोट लावून पाहू नका. ती धार कातडीत घुसते.

आता कागदांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकात कंपनीच्या नोंदीनुसार जी माहिती आहे ती बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावून सांगितलं. म्हणून इंजिन बदलणार असाल, इंधन बदलणार असाल, किंवा आणखी काही, तर काम सुरू होण्याआधी आरटीओत लेखी विचारा. आपल्याकडे एमएच १६ चं कार्यालय नगरला आणि एमएच १७ चं श्रीरामपूरला. विमा कंपनीलाही कळवा. न कळवता केलेल्या बदलाने उद्या भरपाईला अडचण येऊ शकते.

तुम्हाला माहीत असेल, आपल्या अहिल्यानगरमध्येच व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. केंद्र सरकारच्या नियमांत वाहनांच्या मान्यतेसाठी ज्या तपासणी संस्थांची नावं आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर हिचंही नाव आहे. नवीन गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी अशा ठिकाणी तपासलं जातं. गॅरेजमध्ये जोडलेलं आपलं वायरिंग मात्र कोणीच तपासलेलं नसतं. तिथे तपासनीस आपणच.

मग इंजेक्शन बसवावं की नाही? माझं उत्तर सरळ आहे. इंजिन थकलेलं असेल, कॉम्प्रेशन गेलेलं असेल, तर बसवू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. कार्बोरेटर साफ करून, नळ्या बदलून काम भागत असेल तर तेवढंच करा. इंजिन चांगलं असेल, गाडी रोज चालत असेल आणि वायरिंग नीट करणारा माणूस हाताशी असेल, तरच पुढे जा. आम्हाला वायरिंग पुन्हा करायला वर आणखी ९ हजार लागले. पहिल्यांदाच नीट विचारलं असतं तर ते चटणीच्या मशीनला लागले असते.

आता आमच्या गटाने वेगळा ठराव केला आहे. गाडीचं बिल एका ओळीत घ्यायचं नाही. पंप, नळी, क्लिपा, रिले, फ्यूज, वायर, मजुरी, प्रत्येकाचा आकडा वेगळा. कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे जाते याचा नकाशा कागदावर काढून घ्यायचा आणि त्याची एक प्रत गाडीत, एक गटाच्या दप्तरात ठेवायची. शेवटचा हप्ता द्यायचा तो कान, डोळे आणि नाकाची तपासणी झाल्यावरच. वायरमन आधी कुरकुरला, मग म्हणाला, "ताई, असं विचारणारं गिऱ्हाईक असलं की आमचंही काम नीट होतं."

वहिनी आजही तीच गाडी चालवते. गेल्या नवरात्रात मोहट्याला नऊ दिवस माल पोचला. रोज पहाटे चावी फिरवल्यावर ती दोन सेकंद थांबते, "घूं" आवाज थांबला की मग स्टार्टर मारते. पुढच्या बैठकीत तुमच्या गाडीचंही वायरिंग विषयपत्रिकेवर घ्या.

पुन्हा भेटू. तोवर सगळ्यांना राम राम.